पीव्हीसी ॲक्टिव्ह, तरी पिंग लागत नाही: फ्रेम रिलेचं मॅपिंग कसं तपासायचं

फ्रेम रिले म्हणजे दूरदूरचे राउटर प्रोव्हायडरच्या नेटवर्कमधून जोडणारं जुनं तंत्र, आणि पीव्हीसी म्हणजे त्यातली दोन राउटरमधली कायमची बांधलेली वाट. फ्रेम रिलेची तक्रार बहुतेक वेळा ठरलेल्या शब्दांत येते: "लिंक अप आहे, पीव्हीसी ॲक्टिव्ह दिसतंय, पण पलीकडचा राउटर पिंग होत नाही." मग आधी केबल हलवून बघतात, नंतर प्रोव्हायडरला फोन होतो आणि शेवटी राउटिंग प्रोटोकॉलची उलटतपासणी सुरू होते. दुखणं मात्र पुष्कळदा राउटरच्या आतल्या एका छोट्या तक्त्यात असतं. तो उघडून बघायला एक कमांड पुरते, पण तिथे काय वाचायचं हे माहीत नसेल तर समोर दिसूनही कळत नाही.

फ्रेम रिले आता मागे पडलं आहे. राउटर बनवणाऱ्या सिस्कोने २०१६ साली सीसीएनए या आपल्या नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा ते त्यातून वगळलं. तरी लॅबमध्ये, एम्युलेटरवर आणि क्वचित एखाद्या जुन्या लिंकवर ते अजून भेटतं. शिवाय 'या आयपीकडे जायचं तर खालच्या थरावर कुठला पत्ता लावायचा' हा प्रश्न फ्रेम रिलेपुरता नाही. डीएमव्हीपीएन या शाखा जोडणाऱ्या नव्या तंत्रात एनएचआरपी हा प्रोटोकॉल नेमका हाच प्रश्न सोडवतो. म्हणून हे समजून घेणं वाया जात नाही.

आधी पत्त्यांचा गोंधळ निस्तरू. राउटरला पॅकेट पाठवायचं असतं आयपी पत्त्यावर, पण फ्रेम रिलेच्या स्विचला आयपी कळत नाही. त्याला फक्त डीएलसीआय नावाचा दहा बिटांचा आकडा कळतो. दहा बिट म्हणजे ० ते १०२३. त्यातले दोन्ही टोकांचे काही आकडे राखीव असतात आणि वापरणाऱ्याला साधारण १६ पासून पुढचे मिळतात. हा आकडा पलीकडच्या राउटरचा पत्ता नव्हे. तो तुमचा राउटर आणि तुमच्या बाजूचा स्विच या दोघांतलाच असतो. तोच पीव्हीसी दुसऱ्या टोकाला वेगळ्या आकड्याने ओळखला जातो. 'त्यांचा डीएलसीआय काय आहे?' असं विचारून तो आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये टाकणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी चूक आहे. मॅपमध्ये, म्हणजे कुठल्या आयपीला कुठला डीएलसीआय हे सांगणाऱ्या त्या छोट्या तक्त्यात, आयपी पलीकडचा लिहायचा आणि डीएलसीआय आपल्याकडचा.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक मांडणी धरू. मध्ये हब म्हणजे मधला राउटर, आयपी १०.१.१.१; त्याला जोडलेले कडेचे राउटर म्हणजे स्पोक. त्याच्याकडून डीएलसीआय १०२ स्पोक-क कडे जातो, ज्याचा आयपी १०.१.१.२, आणि १०३ स्पोक-ख कडे जातो, ज्याचा आयपी १०.१.१.३. स्पोक-क च्या बाजूने हबकडे जाणारा डीएलसीआय २०१, स्पोक-ख च्या बाजूने ३०१. दोन स्पोकमध्ये थेट पीव्हीसी नाही. तिघेही एकाच सबनेटमध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या एकाच गटात. खर्च वाचवायचा म्हणून सगळीकडे अशीच रचना असायची आणि मॅपिंगच्या बहुतेक भानगडी हिच्यातूनच निघतात.

आता तो तक्ता. हबवर 'शो फ्रेम-रिले मॅप' दिलं की अशी ओळ दिसते:

सिरियल०/० (अप): आयपी १०.१.१.२ डीएलसीआय १०२ (०एक्स६६, ०एक्स१८६०), डायनॅमिक, ब्रॉडकास्ट, स्टेटस डिफाइन्ड, ॲक्टिव्ह

कंसातले आकडे बघून अनेकजण दचकतात आणि पुढे सरकतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. १०२ हा आकडा षोडशमान पद्धतीत ६६ होतो, तो पहिला. दुसरा १८६० म्हणजे तोच आकडा प्रत्यक्ष फ्रेमच्या दोन बाइटांच्या हेडरमध्ये जसा बसतो तसा. डीएलसीआयचे वरचे सहा बिट पहिल्या बाइटमध्ये जातात आणि खालचे चार दुसऱ्यात. उरलेल्या जागा गर्दीची सूचना देणाऱ्या वगैरे बिटांच्या. १०२ चे दहा बिट ०००११० आणि ०११० असे तोडले, की पहिला बाइट १८ आणि दुसरा ६० येतो. रोजच्या कामात याचा उपयोग नाही, पण लाइनवरची फ्रेम कॅप्चर करून कच्चे बाइट वाचायची वेळ आली तर हाच आकडा शोधायचा असतो; फक्त दुसऱ्या बाइटचा शेवटचा बिट तिथे १ असतो, म्हणून ६० च्या जागी ६१ दिसतं.

ओळीतला खरा महत्त्वाचा शब्द 'डायनॅमिक'. त्याच्या जागी 'स्टॅटिक' असू शकतो. ही नोंद राउटरने स्वतः शिकली की कोणी हाताने लिहिली, हे त्यावरून कळतं आणि पुढची सगळी तपासणी कुठल्या वाटेने जायची ते इथेच ठरतं.

राउटर स्वतः शिकतो ते इन्व्हर्स एआरपीने. हे तंत्र १९९२ साली आरएफसी १२९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आलं आणि १९९८ साली आरएफसी २३९० ने त्याची जागा घेतली. इथरनेटवरच्या नेहमीच्या एआरपीशी त्याची गल्लत होते आणि तिथेच लोक फसतात. इथरनेटवर एखाद्या आयपीकडे पॅकेट पाठवायची वेळ आली की राउटर त्या क्षणी ओरडून विचारतो, हा आयपी कोणाचा? फ्रेम रिलेवर प्रश्न उलटा असतो: माझ्या या डीएलसीआयच्या पलीकडे कोण आहे, तुझा आयपी सांग. आणि हा प्रश्न पॅकेट आलं म्हणून विचारला जात नाही, पीव्हीसी ॲक्टिव्ह झाला म्हणून विचारला जातो. त्यामुळे मॅप नसताना दहा वेळा पिंग मारून काहीही बदलत नाही. 'थोडा वेळ पिंग चालू ठेव, एआरपी होईल' हा इथरनेटवर उपयोगी पडणारा सल्ला इथे निव्वळ वेळ खातो.

इन्व्हर्स एआरपी कामाला लागण्याआधी एक पायरी असते, एलएमआय. राउटर आणि स्विच एकमेकांची खबरबात घेतात ती याच भाषेत. नेहमीच्या सेटिंगमध्ये राउटर दर १० सेकंदांनी स्विचला विचारतो आणि दर सहाव्या वेळी सगळ्या पीव्हीसींची पूर्ण यादी मागतो. एलएमआयचे तीन प्रकार आहेत: सिस्को, एएनएसआय आणि क्यू९३३ए. पहिला डीएलसीआय १०२३ वर बोलतो, बाकीचे दोन ० वर. दोन्ही बाजूंचा प्रकार जुळला नाही तर लाइन अप आणि प्रोटोकॉल डाउन असं दिसतं, आणि तेव्हा मॅपिंगचा विचारच करू नये. 'शो फ्रेम-रिले एलएमआय' मध्ये पाठवलेल्या चौकशांचा आणि आलेल्या उत्तरांचा आकडा बरोबरीने वाढत असेल तर हा भाग ठीक आहे असं समजून पुढे जावं.

यादीत पीव्हीसी तीनपैकी एका अवस्थेत दिसतो. ॲक्टिव्ह म्हणजे दोन्ही टोकं जागी. इनॲक्टिव्ह म्हणजे आपल्या स्विचपर्यंत सगळं बरोबर, पण पलीकडच्या टोकाला गडबड. डिलीटेड म्हणजे आपण कॉन्फिगर केलेला आकडा स्विचला माहीतच नाही. बहुधा आपणच चुकीचा टाकला आहे किंवा प्रोव्हायडरने अजून बांधलेला नाही. इथे एक इशारा द्यायला हवा. ॲक्टिव्ह हा शब्द स्विचने दिलेला असतो आणि स्विचला आयपी कळत नाही हे वर आलंच आहे. म्हणून ॲक्टिव्ह पीव्हीसी आणि बरोबर मॅप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रारीत 'ॲक्टिव्ह दिसतंय, पण' असं जे म्हटलं जातं, त्यात 'पण' ला जागा आहे ती यामुळेच.

आता पहिली नमुनेदार भानगड. तिन्ही राउटर नव्याने लावले, हाताने एकही मॅप लिहिला नाही, इन्व्हर्स एआरपीने काम केलं. हबवरून दोन्ही स्पोक पिंग होतात. स्पोक-क वरून हब पिंग होतो. स्पोक-क वरून स्पोक-ख होत नाही. यात काहीही बिघडलेलं नाही. इन्व्हर्स एआरपी पीव्हीसीच्या थेट दुसऱ्या टोकालाच विचारू शकतं आणि क व ख यांच्यामध्ये पीव्हीसीच नाही. सबनेट एकच असल्यामुळे स्पोक-क ला वाटतं की १०.१.१.३ आपल्या शेजारीच आहे, पण त्याच्यासाठी तक्त्यात ओळ सापडत नाही. अशा वेळी 'डीबग फ्रेम-रिले पॅकेट' चालू केलं तर 'एनकॅप्स फेल्ड, नो मॅप एंट्री' असा संदेश येतो. हा संदेश दिसला की राउटिंग, ॲक्सेस लिस्ट, केबल सगळं विसरावं. पॅकेट राउटरच्या बाहेर पडलेलंच नसतं.

उपाय सोपा आहे. स्पोक-क वर 'फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.३ २०१' आणि स्पोक-ख वर 'फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ ३०१'. म्हणजे दुसऱ्या स्पोकचा आयपी, पण डीएलसीआय हबकडे नेणारा. पॅकेट हबवर जाईल आणि हब ते पुढे पाठवेल. दोन्हीकडे लिहायला हवं, कारण जाणारं पॅकेट पोचलं तरी उत्तराला परतीचा मॅप लागतो. एकाच बाजूला लिहून 'अजूनही होत नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

आणि या सोप्या उपायाच्या पोटातच दुसरी भानगड दडलेली असते. माझ्या मते ही सगळ्यात वाईट, कारण ती लगेच दिसत नाही. एखाद्या डीएलसीआयवर आयपीसाठी हाताने मॅप लिहिला की राउटर त्या डीएलसीआयवर आयपीपुरतं इन्व्हर्स एआरपी बंद करतो. पण आधी शिकलेली ओळ लगेच पुसत नाही. म्हणजे स्पोक-क वर १०.१.१.१ ची डायनॅमिक ओळ आधीपासून आहे, तिच्या खाली १०.१.१.३ ची स्टॅटिक ओळ आली, दोन्ही पिंग होतात, सगळे खूश, कॉन्फिगरेशन सेव्ह. पुढे कधीतरी वीज जाते, राउटर पुन्हा चालू होतो आणि आता तक्त्यात एकच ओळ असते, १०.१.१.३ ची. हबची ओळ शिकायला कोणी उरलेलंच नाही. हबवर दोन्ही स्पोकचे मॅप शाबूत असतील तर लक्षण फारच विचित्र दिसतं: हबच्या पलीकडचा स्पोक-ख पिंग होतो आणि ज्याच्यामधून पॅकेट जातं तो हब होत नाही. कॉन्फिगरेशनला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून संशय वीजपुरवठ्यावर, कार्डावर, प्रोव्हायडरवर जातो. खरी चूक काही महिन्यांपूर्वीची असते.

यावरून एक नियम पाळावा असं मला वाटतं: एका डीएलसीआयवर एकही मॅप हाताने लिहिला, तर त्या डीएलसीआयवरचे सगळे हाताने लिहा. स्पोकवर हबचा मॅपसुद्धा. आणि बदल केल्यावर जुनी शिकलेली ओळ आपल्याला फसवत नाही ना हे बघायला 'क्लिअर फ्रेम-रिले इनार्प' (इनार्प म्हणजे इन्व्हर्स एआरपी) देऊन मगच पिंग तपासा. शक्य असेल आणि लिंक कोणाच्या कामाची नसेल, तर सरळ रीलोड करून बघणं सगळ्यात प्रामाणिक.

जाता जाता, 'नो फ्रेम-रिले इन्व्हर्स-एआरपी' या कमांडबद्दल. ती दिली की राउटर स्वतः विचारायचं थांबवतो, पण पलीकडून विचारणा आली तर उत्तर देतोच. त्यामुळे आपल्याकडे ही कमांड दिली तरी पलीकडच्या तक्त्यात आपली डायनॅमिक ओळ दिसू शकते. यात आश्चर्य नाही. ती ओळही नको असेल तर तिकडेही हीच कमांड द्यावी लागते.

लॅबमध्ये आणखी एक भूत भेटतं: मॅपमध्ये ०.०.०.० असा आयपी असलेली ओळ. इंटरफेसचं कॉन्फिगरेशन पुरतं व्हायच्या आधीच फ्रेम रिले चालू झालं की ती येऊन बसते आणि इनार्प क्लिअर करूनही हटत नाही. कॉन्फिगरेशन सेव्ह करून रीलोड केलं की जाते. पुढच्या वेळी इंटरफेस शटडाउनमध्ये ठेवून सगळं लिहावं आणि शेवटी तो उघडावा.

तिसरी भानगड 'ब्रॉडकास्ट' या शब्दाची. इन्व्हर्स एआरपीने शिकलेल्या ओळीला तो आपोआप लागतो; हाताने लिहिलेल्या ओळीला आपण लिहिला तरच. फ्रेम रिलेला इथरनेटसारखं सगळ्यांना एकदम ऐकू जाईल असं काही माहीत नाही. हा शब्द असेल तर राउटर ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीच्या) आणि मल्टिकास्ट (ठरावीक गटासाठीच्या) पॅकेटची प्रत त्या डीएलसीआयवर पाठवतो, नसेल तर पाठवत नाही. परिणाम असा की पिंग उत्तम चालतं, पण राउट, म्हणजे दूरच्या नेटवर्ककडे जायच्या वाटांची माहिती, येत नाहीत. राउटिंग प्रोटोकॉलपैकी ईआयजीआरपी २२४.०.०.१० वर हॅलो (शेजारी राउटर शोधणारं पॅकेट) पाठवतं आणि ओएसपीएफ २२४.०.०.५ वर, आणि ते हॅलो दारातच अडतात. एकाच बाजूचा शब्द राहिला असेल तर ईआयजीआरपी जास्त गोंधळात टाकतं: ज्याला हॅलो ऐकू येतात तो शेजारी जोडतो, त्याला अपडेट पाठवतो, समोरचा ओळखच दाखवत नाही, आणि काही वेळाने 'रिट्राय लिमिट एक्सीडेड' म्हणत संबंध तुटतो. मग पुन्हा जोडला जातो, पुन्हा तुटतो. अशा वेळी ज्या बाजूला हा संदेश येतो, त्याच बाजूच्या मॅपमध्ये 'ब्रॉडकास्ट' आहे का ते आधी बघा; हॅलो त्याचेच पोचत नसतात.

स्पोकवर दोन मॅप एकाच डीएलसीआयवर असतील तर हा शब्द फक्त हबच्या मॅपला लावावा. वाट एकच आहे, प्रतही एकच पुरते. ओएसपीएफ मात्र मल्टिपॉइंट (एकाच इंटरफेसवरून अनेक राउटर जोडलेल्या) फ्रेम रिलेला मुळातच ब्रॉडकास्ट न करणारं नेटवर्क मानतं, तेव्हा तिथे मॅप बरोबर असूनही शेजारी हाताने सांगावे लागतात किंवा नेटवर्कचा प्रकार बदलावा लागतो. आणि ईआयजीआरपीत एका स्पोकचे राउट दुसऱ्याला दिसत नसतील तर हबवरचा स्प्लिट होरायझन बघा, म्हणजे ज्या इंटरफेसवरून राउट आला तिथूनच तो परत न सांगण्याचा नियम. हे दोन्ही दोष मॅपिंगच्या माथी मारू नयेत.

आपलाच आयपी पिंग होत नाही, हेही अनेकांना खटकतं. मल्टिपॉइंट इंटरफेसवर तो होत नाहीच, कारण राउटर त्या पॅकेटलाही बाहेर पाठवू बघतो आणि स्वतःच्या आयपीचा मॅप तक्त्यात नसतो. हवाच असेल तर स्वतःचा आयपी एखाद्या डीएलसीआयवर मॅप करा. पॅकेट पलीकडे जाऊन परत येईल. हा दोष समजून त्याच्यामागे लागू नका.

हा सगळा व्याप टाळायचा तर पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस, म्हणजे एकाच इंटरफेसचे कॉन्फिगरेशनमध्ये पाडलेले वेगळे भाग. तिथे एका सबइंटरफेसला एकच डीएलसीआय, पलीकडे एकच राउटर, त्यामुळे कुठला आयपी कुठे हा प्रश्नच उरत नाही. मॅपच्या तक्त्यात आयपीच्या जागी नुसतं 'पॉइंट-टू-पॉइंट डीएलसीआय' दिसतं आणि ते बरोबर आहे. प्रत्येक लिंकला वेगळं सबनेट खर्च होतं, पण मला विचाराल तर ते स्वस्त पडतं. इथे चूक होते ती डीएलसीआय सबइंटरफेसला न बांधण्याची. कुठल्याच सबइंटरफेसला न दिलेला डीएलसीआय मुख्य इंटरफेसकडे जातो. मग पीव्हीसी ॲक्टिव्ह असतो, पण 'शो फ्रेम-रिले पीव्हीसी' मध्ये त्याच्यापुढे 'अनयूज्ड' असं येतं. तो शब्द दिसला की आधी कॉन्फिगरेशनमधला आकडा वाचा. आणखी एक अडचण: एकदा मल्टिपॉइंट म्हणून बनवलेला सबइंटरफेस पॉइंट-टू-पॉइंट करायचा तर तो पुसूनही राउटर जुना प्रकार विसरत नाही, रीलोड लागतो. वेगळा नंबर घेऊन नवा सबइंटरफेस बनवणं सोपं.

पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर एनकॅप्सुलेशन, म्हणजे पॅकेट फ्रेममध्ये गुंडाळायची पद्धत, बघावं. सिस्कोचं स्वतःचं एक आहे आणि आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणित दुसरं. हे जुळलं नाही तरी एलएमआय चालतं, पीव्हीसी ॲक्टिव्ह राहतो, आणि डेटा मात्र पलीकडे समजत नाही. पूर्ण इंटरफेस बदलायची गरज नसते. त्या एका मॅपच्या शेवटी 'आयईटीएफ' लिहिलं तरी भागतं.

शेवटचा संशय आकड्यांच्या अदलाबदलीचा. हबवर हाताने १०.१.१.२ साठी १०३ आणि १०.१.१.३ साठी १०२ लिहिलं गेलं, किंवा प्रोव्हायडरने पीव्हीसी उलटे बांधले. स्टॅटिक तक्ता खोटं बोलत असतो आणि ॲक्टिव्ह तर दोन्ही असतात. इथे इन्व्हर्स एआरपी साक्षीदार म्हणून कामाला येतं. स्टॅटिक मॅप तात्पुरते काढा, इन्व्हर्स एआरपी चालू ठेवा, आणि कुठल्या डीएलसीआयवर कुठला आयपी उत्तर देतो ते बघा. ती ओळ पलीकडच्या राउटरने स्वतः दिलेली असते. फक्त ज्या लिंकवरून तुम्ही टेलनेट करून बसला आहात तिचाच मॅप काढू नका. कन्सोलवर बसूनच हे करावं.

प्रोव्हायडरला फोन करायचाच असेल तर त्याआधी दोन्ही टोकांना 'शो फ्रेम-रिले पीव्हीसी' चालवून बघा. आपल्याकडून मोजकी पिंग पाठवा. आपल्या बाजूला आउटपुट पॅकेटचा आकडा तेवढ्याने वाढला आणि पलीकडे इनपुटचा हललाच नाही, तर पॅकेट मधल्या नेटवर्कमध्ये हरवतं आहे आणि फोन रास्त आहे. तेव्हा दोन्ही टोकांचे डीएलसीआय आणि पीव्हीसीची अवस्था शेवटची कधी बदलली ती वेळ हाताशी ठेवा, ती त्याच आउटपुटमध्ये असते. पलीकडे इनपुट वाढतो पण आउटपुट वाढत नाही, तर फोन ठेवा आणि पलीकडच्या राउटरवर 'शो फ्रेम-रिले मॅप' द्या. परतीची ओळ तिथे नसणार.